मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉल

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या एफबीआयने खोट्या सह्यांचा धंदा करणाऱ्या एका टोळीवर छापे घातले. टोळीचा पसारा कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोभोवती होता. जप्त झालेल्या मालात बेसबॉलचा एक चेंडू निघाला आणि त्यावर सही होती मदर तेरेसांची. आयुष्याची बहुतेक वर्षं कोलकात्यात काढलेल्या बाईंनी बेसबॉल हातात घेऊन त्यावर सही कधी आणि कशाला केली असेल, हे गिऱ्हाईक विचारणार नाही याची बनवणाऱ्याला खात्री असावी. ती खात्री अगदीच निराधार नव्हती.

जुन्या बेसबॉलच्या वस्तूंचे लिलाव आपल्याकडे बातमीत येतात ते आकड्यांमुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये बेब रूथ या दिग्गज बेसबॉलपटूची एक जर्सी २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला, म्हणजे सुमारे दोनशे कोटी रुपयांना गेली. त्याच्या दोन वर्षं आधी मिकी मॅन्टल या दुसऱ्या बेसबॉलपटूचं, तळहातावर मावणारं एक चित्रकार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं होतं. आकडा वाचायचा, ‘हौसेला मोल नाही’ म्हणायचं आणि पान उलटायचं, एवढंच आपण करतो. पण या बाजाराची कुळकथा पैशापेक्षा एका प्रश्नाभोवती जास्त फिरते : ही वस्तू तीच आहे कशावरून? आणि तसं सांगण्याचा अधिकार कुणाला?

सुरुवात तंबाखूपासून झाली. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्या कागदी पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर नट्या आणि बेसबॉलपटू छापले जाऊ लागले. संच पुरा करायचा तर त्याच छापाची सिगारेट पुन्हा पुन्हा घ्यावी लागे. ऐंशीच्या दशकात ‘बिग फन’ चघळून चघळून जबडा दुखेपर्यंत क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेल्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने असाच एक मोठा संच काढला, पाचशेहून जास्त कार्डांचा. त्यात पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा क्षेत्ररक्षक (शॉर्टस्टॉप) होनस वॅगनर होता. त्याच्या कार्डाची छपाई मात्र लवकरच थांबली. आपल्या चित्रापायी पोरांनी सिगारेटी विकत घेऊ नयेत म्हणून त्याने हरकत घेतली, असं एक घराणं सांगतं. फुकटात चित्र वापरू देणार नाही, एवढाच त्याचा मुद्दा होता, असं दुसरं. वॅगनर स्वतः तंबाखू चघळायचा, त्यामुळे पहिल्या कथेला लोक जरा हसतात. कारण काहीही असो, आज त्या कार्डाच्या साधारण पन्नास-साठ प्रतीच ठाऊक आहेत. या बाजाराचा सगळा इतिहास या एका कार्डाच्या पाठीवर बसून फिरून येता येतो.

ही कार्डं जमवणं हा बराच काळ पोरखेळ मानला जाई. त्याला शिस्त लावली जेफरसन बर्डिक नावाच्या माणसाने. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजचा हा अविवाहित कामगार विजेच्या सामानाच्या कारखान्यात जुळणीचं काम करायचा. संधिवाताने बोटं वाकडी झालेली. त्याने अमेरिकेत छापल्या गेलेल्या यच्चयावत चित्रकार्डांची सूची केली आणि प्रत्येक संचाला क्रमांक दिला. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना ‘टी’, एकोणिसाव्यातल्यांना ‘एन’. वॅगनरच्या संचाला आज जग ‘टी-२०६’ म्हणतं ते बर्डिकमुळे. सूचीत तो किंमतीही देई, आणि वॅगनरपुढे त्याने पन्नास डॉलर लिहिले तेव्हा इतर कार्डं पैशा-दोन पैशांना मिळत होती. स्वतः बर्डिकला विकण्यात रस नव्हता. तीन लाखांहून अधिक कार्डं आणि छापील कपटे त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. पुढची पंधराएक वर्षं तिथे जाऊन तो ते वहीत चिकटवत बसला आणि १९६३ च्या जानेवारीत काम संपवून मार्चमध्ये वारला. अडकित्ते, दिवे, वेण्याफण्या यांसाठी गावोगाव फिरून शेवटी सगळं सरकारच्या हवाली करणाऱ्या पुण्याच्या दिनकर केळकरांची मला इथे आठवण येते. डिंकाने चिकटवल्यामुळे कार्डाची ‘किंमत जाते’, हे आजच्या व्यापाऱ्याने बर्डिकला ऐकवलं असतं तर त्याला त्या वाक्याचा अर्थच लागला नसता.

मधल्या काळात वस्तू दुर्मीळ होण्याचं काम दोघांनी चोख केलं, दुसऱ्या महायुद्धातल्या कागद गोळा करण्याच्या मोहिमांनी आणि घर आवरणाऱ्या आयांनी. त्यांत कंपन्यांचाही हातभार लागला. १९५२ साली टॉप्स कंपनीने च्युइंगगमसोबत द्यायला मोठ्या आकाराची रंगीत कार्डं काढली. संचाचा शेवटचा हप्ता बाजारात यायला उशीर झाला, मोसम सरत आला होता, पोरं फुटबॉलकडे वळली होती. मिकी मॅन्टलचं कार्ड याच हप्त्यात होतं. न खपलेली खोकी ब्रुकलिनच्या गोदामात आठ वर्षं पडून राहिली. शेवटी १९६० मध्ये ती बार्जवर लादून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे अटलांटिक समुद्रात सोडून दिली, असं हा संच आखणाऱ्या साय बर्गरनेच पुढे सांगितलं. त्यातलंच एक कार्ड किनाऱ्यावर राहिलं असतं तर, हा विचार दर लिलावाच्या वेळी हजारो लोक करत असतील.

सत्तरच्या दशकात पोरवयात कार्डं खेळलेली पिढी कमावती झाली आणि हरवलेलं बालपण विकत घ्यायला निघाली. १९८० मध्ये लॉस एंजेलिसला संग्राहकांचं पहिलं राष्ट्रीय संमेलन भरलं. लिलाव तेव्हा टपालाने आणि फोनवर चालत. छापील यादी यायची, ठरलेल्या रात्री उशिरापर्यंत फोन खणखणायचे. यात एक सोय अशी होती की समोरचा बोली लावणारा कोण, तो खरंच आहे का, हे कुणालाच दिसत नसे. ही सोय कुणाची होती ते पुढे येईलच.

१९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने एक वॅगनर कार्ड २५ हजार डॉलरला घेतलं. कोपरे टोकदार, कडा सरळ, पाऊणशे वर्षांच्या सिगारेटी कागदाला शोभणार नाही इतकं ताजं. दोन वर्षांत ते १ लाख १० हजारांना पुढे गेलं. १९९१ मध्ये ते सदबीजच्या न्यूयॉर्कच्या लिलावात आलं, तिथे आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल यांनी मिळून ४ लाख ५१ हजार मोजले. चित्रं आणि दागिने विकणाऱ्या पेढीत सिगारेटचं कार्ड गेलं, हा या धंद्याच्या प्रतिष्ठेतला मोठा टप्पा. त्याच वर्षी पीएसए नावाची नवी कंपनी कार्डाची प्रत ठरवू लागली : एक ते दहा गुण आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचं बंद. नाण्यांच्या बाजारातून उचललेली ही पद्धत. ग्रेट्स्कीचं वॅगनर हे त्यांनी तपासलेलं पहिलंच कार्ड. गुण दिले आठ. एवढ्या जुन्या वॅगनरला आठ म्हणजे चमत्कारच.

मग ते कार्ड वॉलमार्टने एका सोडतीचं बक्षीस म्हणून लावलं. १९९६ मध्ये ते फ्लोरिडातल्या एका टपाल कर्मचारी बाईंना लागलं. बक्षिसावरचा कर भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी ते क्रिस्टीज या लिलाव पेढीकडे दिलं. भाव आला ६ लाख ४१ हजार ५०० डॉलर. २००० साली ईबेवर साडेबारा लाखांच्या वर. २००७ मध्ये अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स या बेसबॉल संघाचे मालक केन केंड्रिक यांनी २८ लाखांना घेतलं.

आणि २०१३ मध्ये मॅस्ट्रोने शिकागोच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. त्याची लिलाव पेढी एके काळी या धंद्यातली सगळ्यांत मोठी होती. तिथे भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या जात होत्या. आणि हो, ते वॅगनर कार्ड विकण्याआधी त्याच्या कडा आपणच कापून सरळ केल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. प्रत ठरवण्याचं अख्खं शास्त्र ज्या कार्डापासून सुरू झालं, तेच कार्ड कात्रीतून गेलेलं. कापलेल्या कार्डाला गुण द्यायचेच नसतात, हा या शास्त्राचा पहिला नियम.

कार्डाला निदान छापखान्याचा पुरावा असतो. कपड्यांचं काय? न्यू जर्सीचा बॅरी हॅल्पर हा न्यूयॉर्कच्या यँकीज या बेसबॉल संघातला छोटा भागीदार. त्याच्या घरी धोब्याच्या दुकानात असतो तसा बटण दाबताच फिरणारा दांडा होता आणि त्यावर शेकडो जर्सी टांगलेल्या. १९९९ मध्ये सदबीजने त्याचा संग्रह आठवडाभर विकला, दोन कोटी डॉलरच्या वर जमले. नट बिली क्रिस्टलने मॅन्टलचा हातमोजा २ लाख ३९ हजारांना घेतला. त्याआधीच या संग्रहाचा एक भाग कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेम या संग्रहालयासाठी विकत घेण्यात आला होता. त्यात ‘शूलेस’ ज्यो जॅक्सन या जुन्या खेळाडूची १९१९ सालची म्हणून सांगितलेली जर्सी होती. पुढे तपासणीत तिच्यावरच्या बोधचिन्हात १९४० च्या दशकाआधी वापरात नसलेला घटक सापडला, आणि २०१० मध्ये ती खरी नसल्याचं उघड झालं. हॅल्पर त्याआधीच वारला होता. त्याने फसवलं की तो स्वतःच फसला, यावर लोक अजून भांडतात. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण मोठ्या संग्राहकाचं नाव हाच दाखला मानण्याची पद्धत तिथे संपली हे नक्की.

सह्यांच्या बाबतीत तर ती आधीच संपायला हवी होती. सॅन डिएगो पाड्रेस संघाचा खेळाडू टोनी ग्विन याला स्वतःच्याच क्लबच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या दिसल्या होत्या. एफबीआयचा अंदाज असा की बड्या खेळाडूंच्या बाजारातल्या निम्म्याहून अधिक सह्या बनावट असाव्यात. सुरुवातीला सांगितलेल्या टोळीतले कारागीर चेंडू जुना दिसावा म्हणून त्याला शेलॅक (लाखेचं पॉलिश) लावत आणि त्याचा वास जावा म्हणून कुत्र्याच्या खाद्याच्या पिशवीत पुरून ठेवत. म्हणजे खोटेपणालाही कष्ट होते. या प्रकरणानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने स्वतःची व्यवस्था उभी केली. सामन्याच्या जागी पोलीस खात्यातला आजी किंवा माजी माणूस बसतो, वस्तू मैदानातून बाहेर येताना डोळ्यांनी पाहतो आणि तिथल्या तिथे होलोग्राम चिकटवतो. पोलिसी पंचनामाच तो.

पण १९३२ सालच्या मैदानावर पंचनामा करायला कोण होतं? रूथच्या जर्सीची गोष्ट तिथे येते. १ ऑक्टोबर १९३२, शिकागोचं रिग्ली फील्ड, वर्ल्ड सीरीज या अजिंक्यपदाच्या मालिकेतला तिसरा सामना. चेंडू कुठे मारणार ते रूथने बोटाने दाखवलं आणि पुढच्याच चेंडूवर होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेरचा फटका, मारला, अशी आख्यायिका. बोट नक्की कुठे रोखलं होतं, यावर आजही एकमत नाही. त्या काळच्या लोकरी जर्सी मोसम संपला की खालच्या लीगच्या संघांना दिल्या जात, तिथे नाव-अक्षरं उसवून नवी शिवली जात. त्यामुळे अमुक जर्सी अमुक दिवसाची हे सिद्ध करणं जवळपास अशक्य मानलं जाई. रूथने ही जर्सी फ्लोरिडातल्या गोल्फच्या एका सोबत्याला देऊन टाकली होती. २००५ मध्ये ती ९ लाख ४० हजार डॉलरला गेली. मधल्या काळात जुने फोटो मोठे करून अक्षराचा बटणाशी येणारा कोन, टाक्यांची ठेवण वस्तूशी ताडून पाहायची पद्धत रूढ झाली. त्या सामन्याच्या दिवसाच्या छायाचित्रांशी ही जर्सी जुळली, आणि डॅलसच्या हेरिटेज पेढीच्या लिलावात आकडा पंचवीसपटीच्या वर गेला. कापड तेच होतं. त्यात पेढीचं खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही धरलेलं असतं, हे मथळ्यांत सहसा लिहीत नाहीत.

केंड्रिक यांच्याकडचं कापलेलं वॅगनर कार्ड आठ गुणांच्या त्याच पेटीत राहिलं. दरम्यान २०२२ मध्ये दुसऱ्या एका वॅगनरचा लिलाव झाला. ते कधीतरी मधोमध फाटलेलं, उरलंय फक्त अर्धं. त्याला गुण द्यायचा प्रश्नच नव्हता. अस्सल, एवढंच पेटीवर लिहिलं होतं, आणि पंधरा लाख डॉलरच्या वर बोली गेली.