केंद्रात मंत्री किती आहेत आणि किती असावेत: सीमाभागातून अर्ज करताना कुठे अडते

माहिती अधिकाराचा अर्ज दिल्लीला पाठवायचा, महिनाभर वाट बघायची आणि हाती दोन ओळींचा नकार यायचा. केंद्रीय मंत्र्यांच्या संख्येबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणाऱ्या अनेक अर्जांचे असेच होते. प्रश्न चांगला असतो, पण चुकीच्या दारात नेलेला असतो.

‘मंत्री किती आहेत, कोणत्या नियमाने आहेत, त्यांच्यावर खर्च किती होतो’ या प्रश्नांचा रस्ता माहिती अधिकार कायदा, २००५ हा आहे. ‘मंत्री किती असावेत’ या प्रश्नासाठी लोकसभेकडे याचिका करावी लागते. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहिल्या की अधिकारी ‘असावेत’ एवढा शब्द धरतात आणि सगळा अर्ज बाजूला ठेवतात. सरकारी कार्यालयाने आपले मत किंवा सल्ला देणे कायद्याने बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात स्पष्ट केले आहे. दफ्तरात जे आहे तेच मागता येते. त्यामुळे ‘एवढे मंत्री कशाला?’ असे लिहिले की नकार ठरलेला.

अर्जाआधी हे आकडे माहीत असू द्या

नेटवर मिळणाऱ्या माहितीसाठी अर्ज करून महिना घालवू नका. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ मध्ये (१क) हा खंड २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने आला. पंतप्रधान धरून एकूण मंत्री लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, असे तो सांगतो. लोकसभेच्या जागा ५४३, त्यांचे पंधरा टक्के ८१.४५, म्हणजे जास्तीत जास्त ८१ मंत्री. ही फक्त वरची मर्यादा आहे. केंद्रासाठी खालची मर्यादा घटनेत दिलेली नाही. राज्यांसाठी मात्र किमान बाराची अट आहे.

या मोजणीत कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री आणि साधे राज्यमंत्री असे सगळे येतात. अर्जात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. ९ जून २०२४ ला शपथविधी झाला तेव्हा पंतप्रधानांसह ७२ जण होते: ३० कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभाराचे ५ आणि ३६ राज्यमंत्री. कोणी ‘कॅबिनेटमध्ये ७२ जण कसे?’ असे विचारले तर कॅबिनेटमध्ये तेवढे नाहीत, एवढेच उत्तर येते आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. आपल्याकडचे उदाहरण घ्या. बेळगावचे खासदार सुरेश अंगडी २०१९ मध्ये रेल्वे राज्यमंत्री झाले. पंधरा टक्क्यांच्या हिशेबात ते होते, पण कॅबिनेटचे सदस्य नव्हते. म्हणून प्रश्नात ‘एकूण मंत्री’ हवे आहेत की ‘कॅबिनेट मंत्री’, ते साफ लिहा.

‘आमच्या जिल्ह्याला केंद्रात मंत्रिपद का नाही?’ हा प्रश्नही माहिती अधिकारात घालू नका. मंत्री पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती नेमतात. जिल्हा, भाषा किंवा प्रदेश यांचा कोटा घटनेत नाही. मंत्री होणारा माणूस संसदेच्या कोणत्याही एका सभागृहाचा सदस्य हवा; नसेल तर सलग सहा महिन्यांच्या आत व्हायला हवा, नाहीतर पद जाते. आपली नाराजी खरी असली तरी तिला उत्तर देणारी फाइल कोणत्याच कार्यालयात नसते.

दिल्लीचा प्रश्न दिल्लीला, बेंगळुरूचा बेंगळुरूला

कर्नाटकाच्या मंत्र्यांबद्दल विचारायचे असेल तर केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवर जाऊ नका. २२४ जागांचे पंधरा टक्के ३३.६ भरतात आणि राज्यात ३४ मंत्री धरले जातात. यात अपूर्णांकाचे काय केले, हा चांगला प्रश्न आहे, पण तो बेंगळुरूला विचारायचा. केंद्राच्या पोर्टलवर राज्याचा अर्ज टाकला तर तो परत येतो आणि भरलेले पैसे मिळत नाहीत. रक्कम दहा रुपयेच आहे, पण ज्याने तालुक्याच्या गावी जाऊन कोणाकडून तरी अर्ज भरून घेतला त्याचा अख्खा दिवस गेलेला असतो. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर तो पाच दिवसांत तिकडे पाठवावा, असे कायद्याचे कलम ६(३) सांगते. केंद्राच्या कार्यालयांना मात्र सूचना आहे की राज्याचा अर्ज पुढे न पाठवता अर्जदाराला तसे कळवले तरी चालेल. सामान्य माणसाच्या डोक्यावर टाकलेला हा भुर्दंड आहे, पण तो आहे हे धरूनच चला.

केंद्रासाठी कार्यालय निवडताना खात्यांच्या वाटपाचा प्रश्न मंत्रिमंडळ सचिवालयाला विचारा. सरकारी कामकाजाच्या वाटपाचे १९६१ चे नियम तिथूनच चालतात. मंत्र्यांच्या पगार-प्रवासाचा खर्च हवा असेल तर गृह मंत्रालयाकडे जा. अर्थसंकल्पात त्या मंत्रालयाखाली ‘मंत्रिमंडळ’ नावाची वेगळी मागणी असते.

भाषा: इथे सीमाभागातला माणूस हमखास अडतो

कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज जिथून केला जातो त्या भागाच्या राजभाषेत लिहायचा असतो. बेळगावात ती राजभाषा कन्नड आहे. आपल्या घरची, शाळेची, बाजाराची भाषा मराठी असली तरी या कलमापुरती ती मोजली जात नाही. मराठीत लिहिलेला अर्ज काही वेळा उदारपणे घेतला जातो, पण त्यावर विसंबू नका. हिंदीत लिहा. अक्षर तेच आहे आणि प्रश्न छोटे असले तर दहावी शिकलेले पोरही लिहून देईल. ज्यांना लिहिताच येत नाही त्यांचे तोंडी म्हणणे कागदावर उतरवून देणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम आहे, असे त्याच कलमात म्हटले आहे. ‘लिहून आणा’ म्हणून म्हाताऱ्या माणसाला परत पाठवत असतील तर हे कलम नाव घेऊन सांगा.

राज्यघटनेचा अनुच्छेद ३५० कोणत्याही माणसाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू देतो आणि बरेच जण त्याचा दाखला देतात. तो हक्क गाऱ्हाण्यासाठी आहे. माहिती मागण्याच्या अर्जावर त्याचा आधार घेतला तर वाद वाढतो आणि माहिती लांब राहते.

फी आणि कागद

आपल्याकडचे बरेच नमुना अर्ज कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडच्या झेरॉक्स दुकानांतून आलेले असतात. ते ‘जोडपत्र अ’ महाराष्ट्राच्या नियमांतले आहे आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला असतो. महाराष्ट्रात तो चालतो. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत फी भरण्याच्या प्रकारांत तो नाही. रोख, डिमांड ड्राफ्ट, बँकर्स चेक, भारतीय पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन, एवढेच प्रकार आहेत. स्टॅम्प लावलेला अर्ज फी न भरल्याच्या शेऱ्याने परत येतो.

मग उरते पोस्टल ऑर्डर, आणि ती लहान पोस्टात बहुधा नसते. तालुक्याच्या मोठ्या पोस्टात जा. तिथे ‘कशाला हवी?’ असे विचारले तर कारण सांगायची गरज नाही. ऑर्डरवर ‘अकाउंट्स ऑफिसर’ आणि त्या कार्यालयाचे नाव लिहा. मंत्र्याचे नाव लिहू नका. कोरीही ठेवू नका.

निवडक पोस्ट ऑफिसांत केंद्राच्या कार्यालयांसाठीचा अर्ज थेट स्वीकारायची सोय आहे. ते पोस्ट अर्ज पुढे पाठवते, आणि अशा वेळी उत्तराच्या मुदतीत पाच दिवस वाढतात. ही सोय कुठे आहे ते मुख्य पोस्टात विचारा. काउंटरवरच्या माणसाला माहीत नसेल तर पोस्टमास्तरांपर्यंत जा.

दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी माफ आहे, पण त्यासाठी कार्डाची प्रत जोडावी लागते आणि घोळ नेमका तिथे होतो. रेशन कार्ड आईच्या किंवा सासूच्या नावावर असते आणि अर्ज मुलगा किंवा सून करते. अर्जदाराचे नाव ज्या पानावर आहे त्या पानाचीही प्रत लावा. नाव चढलेलेच नसेल तर दहा रुपये भरून मोकळे व्हा. माफीच्या वादात महिना जातो.

आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, रहिवासी दाखला यांतले काही लागत नाही. भारतीय नागरिक असल्याचे एक वाक्य आणि पूर्ण पत्ता पुरे. कारणही लिहू नका, ते विचारायचा अधिकार त्यांना नाही.

युवक मंडळ, महिला मंडळ किंवा संघाच्या लेटरहेडवर केलेला अर्ज मात्र अडतो, कारण माहितीचा हक्क नागरिकाला आहे, संस्थेला नाही. अध्यक्षांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने अर्ज करावा. हवे तर खाली पद लिहावे.

प्रश्न असे लिहा: पंतप्रधानांसह एकूण मंत्री अमुक तारखेला किती होते, त्यांची प्रकारवार संख्या द्या. अमुक आर्थिक वर्षात त्यांच्या पगार-भत्त्यांवर झालेला खर्च द्या. शपथविधीआधी कोणाची नावे चर्चेत होती ते विचारू नका. मंत्रिमंडळाची चर्चा व टिपण्या कलम ८(१)(झ) खाली वगळलेल्या आहेत. निर्णय पूर्ण झाल्यावरच त्याची कारणे व आधार खुले होतात. अर्ज साधारणपणे पाचशे शब्दांत बसवा. पोर्टलवर मजकुराची मर्यादा तीन हजार अक्षरांची आहे. कर्नाटक राज्यासाठी दीडशे शब्द आणि एकच विषय, असा नियम आहे. तिथे चार विषय कोंबलेला अर्ज टिकत नाही.

मुदत चुकीची मोजू नका

तीस दिवस मोजायचे ते अर्ज कार्यालयाला मिळाल्यापासून, आपण पोस्टात टाकल्यापासून नाही. म्हणून स्पीड पोस्टची पावती आणि पोहोच तपशील जपून ठेवा. मुदतीत उत्तर आले नाही तर कायद्याने तो नकारच धरला जातो, आणि त्या दिवसापासून पहिल्या अपिलाचे तीस दिवस सुरू होतात. लोक ‘येईल, येईल’ म्हणत दोन-तीन महिने थांबतात आणि अपिलाची मुदत हातची जाते. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण ते अधिकाऱ्याच्या हातात आहे. केंद्रात पहिल्या अपिलाला फी नाही. ते तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाली निघायला हवे. त्यानंतर केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील नव्वद दिवसांत करायचे.

आता ‘किती असावेत’

हे मांडायचे असेल तर लोकसभेच्या याचिका समितीचा रस्ता आहे, आणि मराठी माणसाला तो जास्त सोयीचा आहे. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी; दुसऱ्या भारतीय भाषेत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर लागते आणि त्यावर याचिकाकर्त्याची सही असावी लागते. म्हणजे मूळ मजकूर मराठीत लिहू शकता. भाषांतरावरची सही राहून जाते, ती विसरू नका.

याचिकेला दाखले, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर कागद जोडता येत नाहीत. आपल्या लोकांना वाटते की जितकी जाड फाइल तितके वजन, आणि कात्रणांच्या गठ्ठ्यासकट याचिका जाते. नियमात बसत नाही. आकडे मजकुरातच घाला. सही करणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि सही किंवा अंगठा हवा. नुसत्या सह्यांचे पान चालत नाही. शेवटी नेमकी मागणी लिहा. ‘मंत्री कमी करा’ ही मागणी मोघम आहे. ‘अनुच्छेद ७५ (१क) मध्ये पंधराऐवजी दहा टक्के करावे’ ही मागणी समजते. दहा टक्के ही कल्पना नवी नाही. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने तीच मर्यादा सुचवली होती. त्या हिशेबाने लोकसभेच्या ५४३ जागांवर ५४ मंत्री होतात. आधारासाठी आणखी एक आकडा: मर्यादा नव्हती तेव्हा, १९९७ मध्ये, उत्तर प्रदेशात ९३ मंत्री केले गेले होते.

याचिका खासदार मांडू शकतात किंवा ती लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येते. खासदारांनी मांडली तर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. खानापूरकरांनी ध्यानात ठेवावे की त्यांचा तालुका उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येतो आणि निपाणी चिकोडीत. पण याचिका आपल्याच मतदारसंघाच्या खासदारांनी मांडावी असे बंधन नाही, म्हणून बेळगावच्या खासदारांकडे गेलात तरी हरकत नाही.

तीन गोष्टींनी याचिका परत येते: विषय कोर्टात असणे, विषय राज्य विधिमंडळाचा असणे, किंवा तो सभागृहात स्वतंत्र ठरावाने मांडण्याजोगा असणे. सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मंत्र्यांच्या संख्येच्या याचिकेत त्याचा परिच्छेद घातला तर सगळी याचिका त्या एका परिच्छेदासाठी अडते. तिसऱ्या अडचणीवर उपाय असा की याचिकेबरोबरच खासदारांना वेगळे पत्र द्यावे आणि त्यांनी खाजगी सदस्याचा (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचा) ठराव मांडावा अशी विनंती करावी. त्या पत्राची पोच घ्या. सही-शिक्का असलेली प्रत हातात आल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.