गुणसूत्रं: रचना आणि प्रकार

पेशीच्या केंद्रकात डीएनए आणि प्रथिनं मिळून जे लांबट तुकडे तयार होतात ती गुणसूत्रं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळपास 2 मीटर भरतो, तरी तो मावतो, कारण 8 हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती तो रिळावर दोरा गुंडाळावा तसा बसतो, एका गठ्ठ्याला साधारण 147 बेसजोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या), आणि मग ही सगळी माळ परत परत दुमडत जाते. एरवी हे सगळं मोकळं पसरलेलं असतं, वेगवेगळी गुणसूत्रं दिसतात ती पेशी विभागताना. बेळगावात पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकार्मिनने रंगवून कव्हरस्लिपवर अंगठा दाबतात ना, तेव्हा ज्या लालसर काड्या दिसतात त्या ह्याच, कांद्यात 16.

त्या वेळी प्रत्येक गुणसूत्राचे दोन सारखे भाग असतात, क्रोमॅटिड म्हणतात, ते सेंट्रोमियरपाशी जोडलेले. टोकांना टेलोमियर. सेंट्रोमियर कुठे आहे त्यावर प्रकार ठरतो: मधोमध असेल तर मेटासेंट्रिक, जरा बाजूला सरकला की सबमेटासेंट्रिक, टोकाजवळ ॲक्रोसेंट्रिक आणि अगदी टोकाला टेलोसेंट्रिक. माणसात शेवटचा प्रकार नसतो. 13, 14, 15, 21, 22 नंबरची आणि वाय (नरात असणारं, लिंग ठरवणारं गुणसूत्र) ही ॲक्रोसेंट्रिक. माणसाची एकूण 46, हा आकडा 1956 मध्ये तिजो आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी पक्का केला, त्याआधी 48 धरायचे. आकडा जास्त म्हणजे जीव पुढारलेला असं काही नाही, खानापूरच्या भातात 24 आणि आपल्या उसात 100 ते 130.

मला सगळ्यात भारी वाटतं ते गोठ्यातलं उदाहरण. गायीची 60 गुणसूत्रं, त्यात एक्स-वाय ही लिंग ठरवणारी सोडून 29 जोड्या सगळ्या ॲक्रोसेंट्रिक. पण चिकोडी-अथणीकडच्या खिलार वळूचा वाय ॲक्रोसेंट्रिक आणि जर्सी, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) वळूंचा सबमेटासेंट्रिक, त्यामुळे खिलार गायीला जर्सीच्या सीमेनने (वीर्याने) खोंड झाला तर तो दिसायला कितीही आईवर गेला असू दे, वाय बापाचाच येणार आणि स्लाइडवर ते कळतं. कधी 1 आणि 29 नंबरची दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून एकच होतात, जनावर धडधाकट दिसतं पण प्रजननक्षमता घटते, म्हणून सीमेनसाठी वळू निवडताना त्याचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि आकार, तपासतात.