०.३० टक्के आणि ७.५९ टक्के: पुण्याच्या विकासाचं कर्ज आलं कुठून?

मुळा-मुठेत मैलापाणी मिसळू नये म्हणून आखलेल्या योजनेसाठी जानेवारी २०१६ मध्ये 'जायका' या जपान सरकारच्या विकासमदत संस्थेबरोबर कर्जाचा करार झाला. व्याज वर्षाला ०.३० टक्के, परतफेड ४० वर्षांत, त्यातली पहिली १० वर्षं मुद्दलाला हात लावायचा नाही. दीड वर्षानं, जून २०१७ मध्ये, समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेनं मुंबई शेअर बाजाराच्या माध्यमातून २०० कोटींचे कर्जरोखे विकले. व्याज ७.५९ टक्के, मुदत १० वर्षं. येनमधल्या आणि रुपयातल्या कर्जाची सरळ तुलना करता येत नाही हे खरं. येन वधारला की स्वस्ताई विरते. पण एकाच शहराच्या नदीसाठी एका दारातून पैसा येतो आणि नळासाठी दुसऱ्याच दारातून, याचं कारण नुसतं चलनात सापडत नाही.

गरीब देशाला भांडवल मिळावं कुठून, हा प्रश्न पुण्याला नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात इंग्लंडमध्ये घडलेलं अर्थशास्त्र हिंदुस्थानाला जसंच्या तसं लागू पडत नाही, असं ठणकावून मांडलं. इथे भांडवल तुटपुंजं, तेव्हा सरकारनं हात आखडता घेऊन चालणार नाही, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सच्या परिषदेत जागतिक बँकेचा आराखडा ठरला, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात महाडजवळच्या नात्यात जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. या परिषदेतली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या वेळी हिंदुस्थान देणेकरी नव्हता, सावकार होता. युद्धासाठी घेतलेल्या मालाचे आणि सेवांचे पैसे ब्रिटननं रोख दिलेच नव्हते. ते लंडनमध्ये स्टर्लिंग शिलकीच्या, म्हणजे हिंदुस्थानच्या नावावर जमा पौंडांच्या रूपानं साचत गेले आणि युद्ध संपेपर्यंत ही रक्कम १०० कोटी पौंडांच्या पुढे गेली. यातला काही भाग तरी डॉलरमध्ये बदलून मिळावा, ही आपल्या शिष्टमंडळाची मागणी होती. ती मान्य झाली नाही. पाच वर्षांनी, १९४९ मध्ये, स्वतंत्र भारतानं रेल्वेसाठी त्याच जागतिक बँकेकडून ३ कोटी ४० लाख डॉलरचं कर्ज घेतलं.

त्यानंतरची काही दशकं मदतीच्या आश्वासनांची. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ठराव केला, की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकासमदत म्हणून द्यावेत. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग यांनी ते पाळलं. सगळ्या देणाऱ्यांची सरासरी मात्र २०२३ मध्येही ०.४ टक्क्यांच्या खालीच होती. १९९२ ला रिओच्या पृथ्वी परिषदेत पर्यावरणाची भर पडली आणि दरवर्षी ६०० अब्ज डॉलर लागतील, त्यातले १२५ अब्ज बाहेरून यावेत, असा हिशेब मांडला गेला. ते आले नाहीत. विकासाला पैसा कुठून आणायचा यासाठी संयुक्त राष्ट्रांनी २००२ मध्ये मेक्सिकोत माँतेरेला परिषद भरवली, तिच्या मसुद्यात भाषाच बदलली: विकासाची प्राथमिक जबाबदारी ज्या त्या देशाची. आणि याच विषयावरच्या २०१५ च्या अदिस अबाबा परिषदेच्या आराखड्यात तर जबाबदारी आणखी एक पायरी उतरली. स्थानिक संस्थांचा महसूल वाढवा, जमेल तिथे महापालिकांच्या रोख्यांचा बाजार उभा करा, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. पुण्याचे रोखे त्यानंतर दोनच वर्षांनी निघाले. अदिस अबाबाचं वाचून कुणी निघाले असं नव्हे. दिल्लीतही वारा त्याच दिशेनं वाहत होता. केंद्रानं रोखे काढणाऱ्या शहरांना बक्षिसी ठेवली होती, पुण्याला त्यापोटी २६ कोटी मिळाले.

'जायका'चा पैसा जुन्या दारातला. कर्ज केंद्र सरकारच्या नावावर, महापालिकेला त्यातून ८५ टक्के अनुदान, १५ टक्के भार स्वतःचा. रोख्यांचं तसं नाही. ते महापालिकेच्या पतीवर उभे आणि फेडायचेही तिनंच. अडचण अशी की नेमक्या याच काळात तिच्या हातची कमाई गेली होती. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि शहर राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिलं. कर्ज काढायचा अधिकार मिळाला आणि जकातीसारखा कर लावायचा गेला, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विचित्र वाटतं.

शिवाय नुसता पैसा आला म्हणून काम होत नाही, हेही पुण्यात दोन्ही वेळा दिसलं. रोख्यांचे २०० कोटी जमा झाले आणि जलवाहिन्यांच्या निविदाच रद्द कराव्या लागल्या. पैसे बँकेत ठेव म्हणून पडून, व्याजाचं मीटर चालू. तिकडे ०.३० टक्क्यांचं कर्जही निविदांच्या फेऱ्यात अडकलं आणि मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांच्या प्रत्यक्ष कामाला २०२२ उजाडलं. योजना मुळात जानेवारी २०२२ मध्ये संपायची होती. जागतिक परिषदांत मात्र चर्चा आकड्यांचीच: २०२५ मध्ये याच मालिकेतल्या स्पेनमधल्या सेव्हिलच्या परिषदेत विकासासाठी लागणाऱ्या पैशातली तूट वर्षाला ४ लाख कोटी डॉलर सांगितली गेली. त्याच वर्षी शेजारच्या पिंपरी-चिंचवडनं २०० कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे रोखे, काढले.

पुण्याच्या रोख्यांची मुदत जून २०२७ मध्ये संपते. गुंतवणूकदारांना हमी म्हणून महापालिकेनं जे उत्पन्न वेगळ्या खात्यात बांधून दिलं, ते मिळकतकराचं. आणि स्वतः राहत असलेल्या घराला याच करात १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत मध्यंतरी गेली होती. पुणेकरांच्या रेट्यापुढे राज्य सरकारनं २०२३ मध्ये ती परत दिली.