करपा की तपकिरी ठिपके? युरिया टाकण्याआधी पान बघा

भाद्रपदात भाताच्या पानावर डाग दिसले की शेजारीपाजारी निदान ठरलेलंच: करपा आला. मग दुकानातून ट्रायसायक्लॅझोल हे करप्याचं बुरशीनाशक येतं, फवारणी होते, आणि पंधरा दिवसांनी डाग वाढलेलेच. औषध बनावट नसतं. रोगच दुसरा असतो: तपकिरी ठिपके.

करप्याचा डाग होडीच्या आकाराचा: दोन्ही टोकं निमुळती, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. तपकिरी ठिपके तिळाएवढे, लंबगोल, टोकं बोथट. भोवती बहुतेकदा पिवळसर वलय. कोवळे डाग मात्र दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून डाग कुठल्या पानावर आहेत ते आधी बघावं. भाताचं पान जून होईल तसं करप्याला दाद देत नाही. तपकिरी ठिपके उलट जून, उपाशी पानांवरच जोर करतात. खालची पानं भरलेली आणि वरची स्वच्छ असतील तर करपा म्हणायची घाई नको. तरीही शंका राहिली तर डागाचे तुकडे ओल्या कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवावेत. सकाळी भिंगातून करप्यावर राखाडी लव दिसते, तपकिरी ठिपक्यांवर काळपट.

खरा फरक पोटापाण्याचा आहे. करपा लाडावलेल्या पिकावर येतो: जास्त नत्र, दाट लावणी, रात्रीचा गारवा आणि सकाळी उशिरापर्यंत टिकणारं दव. तपकिरी ठिपके कातळालगतच्या वरकस म्हणजे उंचावरच्या निकस जमिनीत जास्त. तिथली जांभ्याची माती हलकी, कोकणातल्या पावसात पालाश धुऊन जातं, आणि पावसाने आठवडाभर दडी मारली की रोप सुकायला लागतं. (1943 च्या बंगालच्या दुष्काळाशी याच रोगाचं नाव जोडलं जातं, त्यामुळे त्याला किरकोळ समजू नये.)

अडचण होते ती दोन्ही एकाच खाचरात असले की. उपाशी पीक बघून युरिया टाकला तर तपकिरी ठिपके थोडे थांबतात, पण कोवळी हिरवीगार पानं फुटतात आणि करप्याला मोकळं रान मिळतं. शिवाय करप्याने मेलेल्या भागावर दुसऱ्या बुरश्याही येऊन बसतात, त्यामुळे जुना डाग तपासला तर निदान फसतं. नमुना ताज्या डागाचाच घ्यावा.

अशा वेळी आधी पालाश, मग नत्र. हेक्टरी नत्र:स्फुरद:पालाश 100:50:50 किलो हे प्रमाण धरलं तर दहा गुंठ्यांना साधारण 22 किलो युरिया आणि 8 किलो म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशाचं खत). स्फुरद डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खतातून देत असाल तर त्यातलं नत्र वजा करा. युरिया एकदम ओतू नये, तीन हप्त्यांत द्यावा. करपा चालू असेल तर पुढचा हप्ता तो थांबेपर्यंत लांबवावा. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत तरव्याच्या (रोपांच्या) वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात. तिच्यातल्या सिलिकामुळे पान टणक होतं, आणि तो फायदा दोन्ही रोगांवर मिळतो.

औषधाचंही तसंच. करप्याची बुरशी पानात घुसताना गाडीच्या टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट दाब तयार करते. तो दाब धरून ठेवायला तिला काळं रंगद्रव्य लागतं, आणि ट्रायसायक्लॅझोल नेमकं तेच बनू देत नाही. तपकिरी ठिपक्यांच्या बुरशीला घुसायला त्याची गरज नाही, म्हणून तिथे हे औषध वाया जातं. करप्यासाठी 75 टक्क्यांचं ट्रायसायक्लॅझोल 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम. तपकिरी ठिपक्यांसाठी मॅन्कोझेब 75 टक्के, तेवढ्याच पाण्यात 25 ग्रॅम. पीक निसवताना, म्हणजे लोंब्या बाहेर पडताना, दव पडत असेल तर लोंबीच्या मानेच्या करप्याकडे लक्ष ठेवा. मान काळी पडली की लोंबी पोचट राहते आणि मग फवारून काही उपयोग नाही.

तपकिरी ठिपके दाण्यावरही जातात आणि बियाण्यातून पुढच्या वर्षी तरव्यात येतात. त्या खाचराचं बी ठेवू नये. ठेवावंच लागलं तर 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालून तरंगणारा पोल (पोचट बी) काढावा, बी दोनदा धुवावं, सावलीत सुकवावं आणि किलोला 3 ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळून पेरावं.