सहनायकाचे नायकत्व

अतींद्रिय प्रणय-रहस्यमालिकांमधील एक कथायोजना. मालिकेच्या अनेक पुस्तकांत दुसऱ्याच्या गोष्टीत मित्र, भाऊ, वरिष्ठ किंवा उजवा हात म्हणून वावरलेले पात्र पुढच्या एखाद्या पुस्तकात स्वतःच्या प्रेमाचे आणि स्वतःवरच्या संकटाचे नायक होते, तेव्हा ही योजना घडते. एकाच पुस्तकात दुय्यम पात्राने भाव खाऊन जाणे वेगळे. इथे वाचकाने त्या माणसाला वर्षानुवर्षे कडेला उभे असलेले पाहिलेले असते, आणि त्याची पाळी कधी येणार म्हणून वाट पाहिलेली असते.

या साहित्यप्रकाराची घडणच अशी, की त्याला सहनायकाची गरज पडते. प्रेमकथेचा वाचकाशी एक करार असतो: पुस्तक संपेपर्यंत त्या दोघांचे जमले पाहिजे आणि ते टिकणारे असले पाहिजे. रहस्यकथेला मात्र धोका जिवंत ठेवावा लागतो. गुप्त संघटना, शापित वंश, अतींद्रिय शक्तीवर टपलेले शत्रू हे सगळे एका पुस्तकात संपत नाहीत. म्हणून शत्रू तोच राहतो आणि जोडपी बदलतात. ज्याचे जमले त्याला पुन्हा प्रेमात पाडता येत नाही, तेव्हा पुढचा नायक आधीच्याच घरातून, टोळीतून नाहीतर कचेरीतून उचलावा लागतो. नुसता पुढच्या पुस्तकाची सोय म्हणून आणून ठेवलेला देखणा, अबोल भाऊ वाचकांच्या लगेच लक्षात येतो. इंग्रजी वाचक त्याला ‘सिक्वेल बेट’, म्हणजे पुढच्या भागासाठी गळाला लावलेले आमिष, म्हणतात. जुना सहनायक या आमिषाहून निराळा, कारण त्याने आधीच्या पुस्तकांत खरोखर काम केलेले असते.

नेमके हे कामच पुढे अडचणीचे होते. सहनायक सोयीचा असतो: योग्य वेळी माहिती आणतो, दार उघडतो, जखमीला उचलतो आणि स्वतःविषयी काही बोलत नाही. तो नायक झाला की लेखकाला या प्रत्येक सोयीचा हिशेब द्यावा लागतो. इतकी शक्ती होती तर त्याने आधी का वापरली नाही? सगळे ठाऊक होते तर गप्प का बसला? ज्या पुस्तकांत ही सोय हीच त्याची जखम होती असे उलगडते, ती पुस्तके लक्षात राहतात. जिथे तो अचानक उंच, श्रीमंत आणि बेफिकीर होऊन येतो, तिथे जुना माणूस गेला आणि त्याच्या नावाने दुसराच कोणी आला असे वाटते.

याचे नेमके उदाहरण जेन अ‍ॅन क्रेन्ट्झ यांच्या ‘आर्केन सोसायटी’ मालिकेत आहे. आजच्या काळातल्या कथा स्वतःच्या नावाने, ऐतिहासिक कथा अमांडा क्विक आणि भविष्यकाळातल्या कथा जेन कॅसल या टोपणनावाने लिहून त्यांनी एकच कथाविश्व तीन काळांत पसरवले. त्यातील जोन्स अँड जोन्स ही अतींद्रिय प्रकरणे हाताळणारी तपाससंस्था फॅलन जोन्स चालवतो. आधीच्या पुस्तकांत तो बहुतेक वेळा फोनवरचा तुसडा आवाज म्हणूनच भेटतो. नायकाला प्रकरण द्यायचे, विखुरलेल्या घटनांमधला धागा सांगायचा, एवढेच त्याचे काम. ‘इन टू डीप’ या कादंबरीत तो नायक होतो आणि फोनच्या पलीकडचा माणूस पहिल्यांदा नीट दिसतो. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे स्कारगिल कोव्ह हे आडगाव, तिथली कचेरी, आणि तिथे कामाला आलेली इझाबेला वाल्देझ. गोंधळात आकृतिबंध दिसणे ही फॅलनची शक्ती. इतरांच्या कथांत ती तपासाचा वेळ वाचवायची. इथे तिची दुसरी बाजू समोर येते: ज्याला प्रत्येक गोष्टीत धागा दिसतो, त्याला खरा कट आणि मनाचा खेळ यांतला फरक कोण सांगणार? फॅलनचा तुसडेपणा लेखिकेने पुसला नाही. त्याच स्वभावाच्या माणसाला सोबत कशी मिळते हे दाखवले, आणि माझ्या मते ही या प्रकारातली सर्वांत प्रामाणिक हाताळणी आहे.

शेरिलिन केन्यन यांच्या ‘डार्क-हंटर’ या अमर योद्ध्यांच्या मालिकेतला अ‍ॅकेरॉन हा सोबती कमी आणि त्या योद्ध्यांचा म्होरक्या अधिक. तरीही इतरांच्या प्रेमकथांत तो येऊन-जाऊनच असतो: सल्ला देतो, पुढचे दिसत असूनही सांगत नाही, आणि स्वतःचा भूतकाळ कोणाला कळू देत नाही. त्याच्या नावाची कादंबरी 2008 साली आली. तिचा मोठा भाग प्राचीन काळातला आहे, आणि त्यात त्याच्यावर लहानपणापासून झालेले अत्याचार सविस्तर येतात. उत्तरार्ध आजचा असून त्यात अटलांटिसचे अस्तित्व सिद्ध करू पाहणारी संशोधक नायिका आहे. पूर्वार्ध वाचणे जड जाते. पण आधीच्या पुस्तकांत गूढ वाटावे म्हणून पाळलेले मौन हे खरे तर लाजेचे आणि भीतीचे मौन होते हे त्याशिवाय पटले नसते.

जे. आर. वॉर्ड यांच्या ‘ब्लॅक डॅगर ब्रदरहुड’ या व्हॅम्पायर योद्ध्यांच्या मालिकेत क्विन आणि ब्ले हे दोघे मुक्या जॉन मॅथ्यूचे मित्र म्हणून येतात. क्विनचा एक डोळा निळा, एक हिरवा. उमराव घराण्यात हे व्यंग समजले जाते, म्हणून घरच्यांना तो नकोसा. दोघांमधली ओढ कित्येक पुस्तके कडेकडेने चालू राहते, आणि 2013 मधल्या ‘लव्हर अ‍ॅट लास्ट’मध्ये ते जोडीने नायक होतात. मुख्य मालिकेत दोन पुरुषांची प्रेमकथा केंद्रस्थानी येण्याची ही पहिलीच वेळ. मूळच्या फिजीच्या आणि न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नलिनी सिंग यांच्या ‘साय-चेंजलिंग’ मालिकेत लांडग्याचे रूप घेऊ शकणाऱ्यांच्या टोळीचा प्रमुख हॉक दहाव्या पुस्तकात, म्हणजे 2011 साली, नायक होतो.

या योजनेची भारतीय वंशावळ फार जुनी आहे. संस्कृत नाट्यशास्त्रात मुख्य कथेसोबत दूरवर चालणाऱ्या उपकथेला ‘पताका’ म्हणतात. धनंजयाच्या ‘दशरूपका’त पताकेच्या नायकाला पीठमर्द असे नाव आहे: चतुर, नायकाचा भक्त आणि गुणांत त्याच्याहून किंचित उणा. रामकथेतला सुग्रीव आणि संस्कृत नाटककार भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तला मकरंद ही त्याची ठरलेली उदाहरणे. भवभूती विदर्भातल्या पद्मपूरचा. हे गाव आजच्या गोंदिया जिल्ह्यातले असे संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी दाखवले. त्याचे हे दहा अंकी ‘प्रकरण’, म्हणजे कल्पित कथानकाचे नाटक, पाहिले तर आजच्या अतींद्रिय प्रणय-रहस्याचा सगळा ऐवज तिथे सापडतो: मध्यरात्रीचे स्मशान, नायिका मालतीचा बळी द्यायला निघालेला अघोरघंट हा कापालिक, म्हणजे कवट्या बाळगणारा शैव तांत्रिक, सूडाने पेटलेली कपालकुंडला आणि ऐनवेळी धावून येणारी योगिनी सौदामिनी.

त्यात मकरंद हा नायक माधवाचा जिवलग मित्र. पिंजऱ्यातून सुटलेल्या वाघापासून तो मदयंतिकेला वाचवतो, आणि स्वतः जखमी होतो. पुढे मित्राचे लग्न व्हावे म्हणून तो मालतीचा वेष घेऊन, तिचे लग्न ज्याच्याशी ठरवले आहे त्या नंदनाची नवरी बनतो. नवऱ्याला झिडकारून तो वधूवेषातच झोपेचे सोंग घेऊन पडतो. नंदनाची बहीण मदयंतिका वहिनीला चार शब्द सुनवायला येते आणि बोलता बोलता आपले मन मकरंदावर जडल्याचे सांगून बसते. शेजारी निजलेली ‘मालती’ उठते, तो मकरंद! दुसऱ्याच्या लग्नासाठी नेसलेल्या वेषात त्याला स्वतःची प्रिया मिळते. तरी भवभूती त्याला पुढचे नाटक देत नाही. नवव्या अंकात माधव विरहाने निपचित पडलेला पाहून मकरंद कड्यावरून जीव द्यायला निघतो, तेव्हा तो पुन्हा फक्त मित्र असतो.

आजच्या मालिकेने पीठमर्दाची ‘किंचित उणा’ ही अट काढून टाकली. भवभूतीपुढे एकच नाटक होते, त्यात मुख्य आसन एकालाच. मालिकेत आसने पुस्तकागणिक रिकामी होतात, म्हणून मकरंदाला थांबता येते. पुस्तके फार झाली की मात्र ही थांबण्याची मुदतच मुळावर येते. वाचकांनी इतक्या वर्षांत त्याची गोष्ट मनात रचून ठेवलेली असते, आणि छापून आलेली गोष्ट तिच्याशी ताडून पाहिली जाते. जुन्या पुस्तकात सहज लिहिलेली एखादी ओळ, एखादी जुनी मैत्रीण किंवा भावाचा चुकून झालेला उल्लेख लेखकाला बदलता येत नाही. ‘अ‍ॅकेरॉन’नंतर पाच वर्षांनी, 2013 साली, केन्यन यांनी त्याचा जुळा भाऊ स्टिक्स याची कादंबरी लिहिली आणि तोच भूतकाळ त्याच्या बाजूने पुन्हा मांडला. पहिल्या पुस्तकात जो छळणाऱ्यांपैकी एक वाटला होता, त्याची पाळी अशी आली.