बेकलाइटची डाय, नायलॉनचा दाणा: हे जमत नाही

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) विजेच्या पॅनलचे सुटे भाग बनवून घेणारे अजूनही विचारतात, "बेकलाइटचा भाग नायलॉनमध्ये करायचाय, डाय (साचा) तीच चालेल ना?" नाही चालत.

थर्मोप्लास्टिक (नायलॉन, पॉलिप्रॉपिलीन वगैरे) काय असतं हे एकेकाळी आयपीसीएलसारखी पेट्रोकेमिकल कंपनी असलेल्या गावात वेगळं सांगायला नको. तापवलं की वितळतं, गार झालं की घट्ट होतं, पुन्हा तापवलं की पुन्हा वितळतं. थर्मोसेट, म्हणजे आपलं बेकलाइट, एकदा पक्कं झालं की परत वितळत नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. घोळ होतो तो साच्यापाशी.

पॉलिप्रॉपिलीन बॅरलमध्ये (मशीनच्या तापणाऱ्या नळीत) २००–२५० अंशांवर वितळतं आणि २०–६० अंशांच्या साच्यात गोठतं. साच्याचं काम उष्णता काढून घेण्याचं, म्हणून चिलर. बेकलाइटचं नेमकं उलटं. बॅरल ६०–९० अंश, पावडर जेमतेम मऊ होण्यापुरती. साचा मात्र १६०–१८० अंशांवर, हीटर लावलेला, कारण पावडर पक्की होते ती तिथल्या उष्णतेनं. माल पुढे ढकलणारा स्क्रूही वेगळा: थर्मोप्लास्टिकच्या दाण्यासाठी साधारण २ ते ३ पट दाबणारा आणि पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (माल मागे येऊ न देणारा) असलेला, पावडरीसाठी जवळजवळ १:१, आणि व्हॉल्व्ह बहुधा नसतोच, कारण त्यात अडकलेला माल तिथेच पक्का होतो. लाइट गेली तर पॉलिप्रॉपिलीन पुन्हा तापवून बाहेर काढता येतं. बेकलाइट बॅरलमध्ये पक्कं झालं तर स्क्रू उतरवून खरवडत बसा. (पीव्हीसी थर्मोप्लास्टिक असूनही या बाबतीत दगा देतं: बॅरलमध्ये जळलं की आम्लाचा वायू सोडतं आणि लोखंड खातं. मशीन थांबवण्याआधी ते काढून टाकायचंच.)

आता डायकडे. बेकलाइटच्या जुन्या डिझाइनमध्ये ६–८ मिमी जाडीच्या भिंती सर्रास असतात. तशीच भिंत नायलॉनमध्ये भरली की वर सिंक मार्क (खळगे), आत पोकळी. शिवाय गार व्हायचा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: २ मिमीची भिंत ४ मिमीची केली की चौपट. म्हणजे थर्मोप्लास्टिकचा सगळ्यात मोठा फायदा, छोटी सायकल (एक नग निघायला लागणारा वेळ कमी), तिथेच संपला. भिंत २–३ मिमीवर आणा, मजबुती रिबमधून (आधाराच्या पातळ पट्ट्यांतून) घ्या, आणि रिबची जाडी भिंतीच्या ५०–६० टक्क्यांपुढे नेऊ नका. आकुंचनही निराळं, त्यामुळे कॅव्हिटीची (साच्यातल्या भागाच्या आकाराच्या जागेची) मापं नव्यानं काढावी लागतात.

बाकीचे फरक किरकोळ. नायलॉनचा रनर (साच्यातल्या वाटेत गोठलेला माल) दळून पुन्हा वापरता येतो, पण चौथा हिस्सा ही मर्यादा धरा. काचतंतूंचा असेल तर दळताना तंतू तुटतात आणि ताकद घटते. बेकलाइटचा रनर थेट भंगारात, वर प्रत्येक नगाचा फ्लॅश (कडेला आलेला जादा पापुद्रा) काढायचा तो वेगळाच.

"उष्णता सोसतो तो थर्मोसेट" हे वाक्य मात्र बंद व्हायला हवं. पीक (PEEK) नावाचं प्लास्टिक हे थर्मोप्लास्टिक आहे आणि ते ३४३ अंशांना वितळतं. क्लिप, कव्हर, हाउसिंग बेधडक नायलॉनमध्ये न्या. तापणारा, वर बोल्टचा ताण सतत असणारा भाग बेकलाइटमध्येच राहू द्या. नायलॉन ताणाखाली हळूहळू सरकतं, बोल्ट सैल होतो आणि जोड आणखी तापतो.

नमुना कशाचा आहे ते कळत नसेल तर कोपऱ्याला तापलेली सोल्डरिंग इस्त्री लावा. वितळून तार निघाली तर थर्मोप्लास्टिक. न वितळता नुसतं करपलं आणि कार्बोलिकसारखा उग्र वास आला, तर बेकलाइट. दर विचारायला नमुना पाठवण्याआधी एवढं करा.