काँक्रीटच्या टाइलमधलं पाणी

एकाच पोत्यातलं सिमेंट, एकाच डब्यातला रंग, साचाही तोच. तरी सोमवारी ओतलेली टाइल गुरुवारी ओतलेल्या टाइलशेजारी बसवली की एक फिकी आणि एक गडद दिसते. घरमालक रंगाला नावं ठेवतो, कारागीर सिमेंटला. कारण बहुतेक वेळा बादलीत सापडतं. सोमवारच्या मिश्रणात थोडं पाणी जास्त पडलेलं असतं.

बैठकीच्या भिंतीवर किंवा देवघराच्या बाजूला लावायच्या, हाताने घडवलेल्या काँक्रीटच्या टाइल्सचा विषय निघाला की लोक नक्षीबद्दल बोलतात, रंगाबद्दल बोलतात, किमतीबद्दल तर बोलतातच. पाण्याचं नाव कुणी काढत नाही. या कारागिरीतलं निम्मं कसब मात्र पाणी सांभाळण्यात आहे, असं माझं ठाम मत आहे. मिश्रणात किती घालायचं, घातलेलं किती दिवस आत टिकवायचं आणि टाइल भिंतीवर गेल्यावर ते कुठून कुठे जाऊ द्यायचं, यावर सगळं ठरतं. कोल्हापुरात पावसाळाभर हवा आणि भिंती दोन्ही दमट असतात, तेव्हा आपल्याकडे हे समजून घेण्याची गरज जरा जास्तच आहे.

सिमेंट वाळून घट्ट होतं, हा समज घरोघरी आहे. तसं असतं तर पाण्याखाली ओतलेलं काँक्रीट कधी घट्ट झालंच नसतं. प्रत्यक्षात पुलाच्या पायाचं काँक्रीट पाण्याखालीही उत्तम घट्ट होतं. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्याने १८२४ मध्ये ‘पोर्टलंड सिमेंट’चं पेटंट घेतलं. आजचं सिमेंट त्याचीच बरीच सुधारलेली आवृत्ती आहे. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून, त्या भाजलेल्या खड्यांत थोडं जिप्सम घालून ते दळलेलं असतं. त्यातला मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट. पाणी मिळालं की त्यापासून दोन पदार्थ तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचं जेल. वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवणारा खरा डिंक तोच. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपण पानाला लावतो तो चुना. हा चुना पुढे बराच त्रास देतो.

शंभर किलो सिमेंट पूर्ण मुरायला साधारण २३ ते २५ किलो पाणी रासायनिक बंधांत गुंतवून घेतं. आणखी सुमारे १५ किलो पाणी जेलच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत अडकून राहतं. म्हणजे ५० किलो सिमेंटला वीसेक लिटर पाणी पुरतं. मिश्रण साच्यात सहज पसरावं म्हणून कारागीर तीस लिटर घालतो, तेव्हा वरचे दहा लिटर कुणाच्याच कामाचे नसतात. ते हळूहळू उडून जातात आणि मागे केसाहून बारीक नळ्यांचं जाळं सोडतात. पाणी आणि सिमेंट यांचं हे गुणोत्तर वाढलं की ताकद घटते, हा नियम डफ अब्रॅम्स या अमेरिकी अभियंत्याने १९१८ मध्ये मांडला आणि तो अजूनही प्रत्येक बांधकामाला लागू आहे.

भिंतीवरच्या टाइलवर कुणी उभं राहत नाही, तेव्हा ताकदीचं एवढं काय, असं वाटेल. पण याच नळ्या रंग बदलतात. त्यांच्या असंख्य कडांवर आणि पृष्ठभागावर जमलेल्या चुन्याच्या बारीक स्फटिकांवर प्रकाश विखुरतो आणि रंगावर पांढुरकी झाक येते. पाणी जितकं जास्त, तितकी टाइल फिकी. त्याच फिक्या टाइलवर ओला हात फिरवा, ती लगेच गडद होते, कारण पोकळ्या पाण्याने भरल्या की प्रकाशाचं विखुरणं कमी होतं.

पावसाळ्यात हा हिशेब आणखी बिघडतो. आपल्याकडे आता नदीच्या वाळूऐवजी काळ्या दगडाची क्रश सँड सर्रास वापरतात आणि तिचा ढीग उघड्यावर असतो. समजा वाळूत पाच टक्के ओल आहे. ५० किलो सिमेंटला १०० किलो वाळू घेतली, तर न दिसणारं पाच लिटर पाणी वाळूच घेऊन आली. लागणाऱ्या एकूण पाण्याचा हा चौथा हिस्सा झाला. म्हणून चांगला कारागीर वाळू झाकून ठेवतो, पाणी मापाने घेतो आणि एका भिंतीच्या सगळ्या टाइल्स शक्यतो एकाच ओलाव्याच्या वाळूत ओततो. पातळपणा हवा असेल तर पाणी न वाढवता सुपरप्लास्टिसायझर घालतो. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि त्या गुठळ्यांत पाणी कोंडून ठेवतात. सुपरप्लास्टिसायझरचे लांबट रेणू कणांना बिलगून त्यांना दूर ठेवतात आणि कोंडलेलं पाणी मोकळं होतं. घट्ट वाटणारं मिश्रण थेंबभर पाणी न वाढवता वाहायला लागतं.

रंगांचं रसायन त्या मानाने सोपं आणि फार जुनं आहे. पन्हाळ्यावरचा जांभा लाल-तांबूस का दिसतो? त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे. टाइलचा लाल रंग म्हणजे तेच लोह-ऑक्साइड, पिवळा म्हणजे त्याचं पाणी धरलेलं रूप आणि काळा म्हणजे मॅग्नेटाइट, लोहाचंच काळं ऑक्साइड. हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड. सिमेंटचं ओलं मिश्रण प्रचंड अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२ ते १३ असतो. कपड्याचे, कागदाचे बरेचसे सेंद्रिय रंग त्यात मरतात. लोहाचे ऑक्साइड टिकतात, कारण त्यांचं जे व्हायचं ते निसर्गात आधीच होऊन गेलेलं असतं. रंगाचं प्रमाण सिमेंटच्या पाच टक्क्यांच्या आसपास ठेवतात. दहाच्या पुढे गेल्यावर रंग विशेष गडद होत नाही, उलट ती बारीक पूड जास्त पाणी मागते आणि आपण पुन्हा बादलीपाशी येतो. साध्या सिमेंटचा करडेपणाही मुख्यतः त्यातल्या लोहामुळेच असतो. हलके, स्वच्छ रंग हवे असतील तर लोह अगदी कमी असलेलं व्हाइट सिमेंट घ्यावं लागतं आणि किंमत तिथेच वाढते.

आता साचा. या बाबतीत कोल्हापूर भाग्यवान आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे पॅटर्न, म्हणजे धातू ओतण्याआधी वाळूत दाबायचे नमुने, बनवणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वाळूतून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून त्याच्या उभ्या कडांना किंचित उतार ठेवायचा असतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. कडक साच्यातल्या टाइलला तोच उतार लागतो, नाहीतर ती सुटताना कोपरा साच्यात ठेवून येते. दुसरीकडे शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प. गणपतीच्या मूर्तींमुळे रबरी साच्यांची ओळख तिथे चांगली मुरलेली आहे. रबर वाकवून सोलता येतं, म्हणून आत वळलेली पाकळी किंवा खोल वेलबुट्टीही शाबूत निघते.

साच्याचा पृष्ठभाग जसा, तशी टाइल. सिमेंटचे कण काही मायक्रॉनांपासून पन्नासेक मायक्रॉनांपर्यंतचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते साच्याला चिकटून बसतात आणि वाळूचा जाडा कण कडेपासून थोडा आतच राहतो. त्यामुळे टाइलची कातडी जवळजवळ निव्वळ सिमेंटची असते आणि साच्यावरचा बोटाचा ठसाही उतरवते. तमिळनाडूत चेट्टिनाडच्या अथंगुडी गावातले कारागीर हे तत्त्व फार सुंदर वापरतात. काचेच्या तुकड्यावर धातूची नक्षीदार चौकट ठेवायची, एकेका घरात रंगीत सिमेंटचा घट्ट ताकासारखा घोळ ओतायचा, चौकट हलक्या हाताने उचलायची. वरून कोरडं सिमेंट-वाळू भुरभुरायचं, ते जादा ओल शोषून घेतं. मग पाठीचा ओला थर, आणि टाइल पाण्यात मुरायला ठेवायची. भट्टी नाही, पॉलिश नाही, आणि पाण्यातून काढल्यावर काच सुटते तेव्हा टाइलला काचेची झळाळी आलेली असते. मुंबईच्या भारत फ्लोअरिंग्जने १९२२ पासून, स्वदेशीच्या काळात, नक्षीच्या सिमेंट फरशा बनवायला सुरुवात केली. त्या पद्धतीत जादा पाणी काढण्याचं काम दाबयंत्राच्या जोराने होतं. रीत वेगळी, पण कातडीत कमी पाणी ठेवायचं हा नियम दोन्हीकडे सारखाच.

टाइल साच्यातून निघाली की खरी परीक्षा सुरू होते. पातळ टाइलला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग खूप. एप्रिल-मेच्या कोल्हापुरी उन्हाळ्यात ती काही तासांत पाणी गमावते. आतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की जेल बनणं जवळजवळ थांबतं. टाइल वरून सुकते, आतून कच्ची राहते, कडा उचलल्या जातात, केसासारख्या भेगा पडतात. व्यवस्थित ओलावा मिळाला तर सात दिवसांत २८ दिवसांच्या ताकदीचा साधारण दोन-तृतीयांश भाग येतो. म्हणून निदान आठवडाभर पाणी हवंच. ओलं गोणपाट टाकण्याची आपली सवय स्लॅबला ठीक आहे. रंगीत टाइलवर ते जिथे टेकतं तिथे वेगळा रंग आणि जिथे उचललं जातं तिथे वेगळा, असे ठिपके पडतात. टाकीत पूर्ण बुडवून ठेवणं केव्हाही चांगलं.

आणि तो चुना! नळ्यांतलं पाणी बाहेर येताना त्याला विरघळवून आणतं. पृष्ठभागावर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला भेटतो आणि पाण्यात न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं. गडद मरून टाइलवर उमटलेला पांढरा ढग तो हाच. ओल्या टाइल्स एकावर एक रचून प्लास्टिकने गुंडाळल्या, तर आत जमलेल्या थेंबाथेंबाचं गोल वलय उमटतं. ते घालवायला लोक ॲसिड लावतात. त्याने डागाबरोबर ती गुळगुळीत कातडीही जाते. मी कधीच लावू देणार नाही.

चुन्यावर उपाय म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या एका पदार्थाकडे मला फार आशेने पाहावंसं वाटतं. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, राख. नीट तापमानाला जळलेली आणि बारीक दळलेली असेल, तर तिच्यातली अस्फटिक सिलिका त्या चुन्याशी संयोग करून आणखी जेल बनवते. चुना कमी होतो आणि नळ्याही बुजतात. अडचण एवढीच की भट्टी जास्त तापली तर सिलिका स्फटिकी आणि निष्क्रिय होते, आणि अर्धवट जळलेला कोळसा राहिला तर रंग काळवंडतो. राखाडी, काळ्या टाइलसाठी ती चालेल. फाउंड्रीतली वापरून झालेली काळी वाळू मात्र इतकी सरळ नाही. तिच्यातली बेंटोनाइट माती पाणी पिते, त्यामुळे न धुता घेतली तर वर सांगितलेलं सगळं गणित कोलमडतं.

टाइलमधला चुना डोळ्यांनी पाहायचा असेल तर तुटलेला तुकडा घ्या आणि ताज्या मोडलेल्या कडेवर हळदीचं पाणी सोडा. आतला भाग लालभडक होईल. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं, तीच ही क्रिया. कर्क्युमिन अल्कधर्मी ठिकाणी तांबडं होतं. जुन्या टाइलची बाहेरची कातडी त्या मानाने पिवळट राहते, कारण तिथला चुना हवेने कार्बोनेट करून टाकलेला असतो. स्वयंपाकघरातल्या नव्या टाइलवर तांबड्या रश्शाचा शिंतोडा पडला तर डाग अपेक्षेपेक्षा लाल का दिसतो, हेही यातून कळतं. लिंबू आणि चिंचेचा डाग वेगळा. ते आम्ल पृष्ठभागच खातं, तिथे डाग पुसला तरी खड्डा राहतो.

विकणारे ‘भट्टी नाही म्हणून पर्यावरणपूरक’ असं सांगतात. हे अर्धसत्य आहे. टाइल भाजली जात नाही, पण तिच्यातलं सिमेंट १४५० अंशांना भाजून आलेलं असतं आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला सात-आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे. पातळ टाइल आणि कमी सिमेंट हाच प्रामाणिक मार्ग. पातळ करायची तर काचेचे धागे घालावे लागतात आणि तेही झिर्कोनियायुक्त. साधी काच त्या अल्कात झिजून जाते. काँक्रीट म्हणून जिप्समच्या टाइल्सही खपवल्या जातात. मागच्या बाजूला नखाने ओरखडा उठला तर समजा जिप्सम आहे, आणि दमट भिंतीला ती लावू नका.

कापताना उडणाऱ्या धुळीबद्दल इथे सांगितलंच पाहिजे. तिच्यातली सिलिका फुप्फुसात कायमची बसते. टाइल ओली करून कापायची, मास्क लावायचा. ओल्या सिमेंटने हात फुटतात, त्यासाठी हातमोजे. घरमालकाने हे स्वतः आणून द्यावेत, खर्च नगण्य आहे.

बसवताना वजन मोजा. पंधरा मिलिमीटर जाडीची टाइल चौरस मीटरला तेहतीसेक किलो भरते. रंग लावलेल्या भिंतीवर ती तगत नाही. रंग खरवडून, गिलाव्याला टोचे मारून, दातेरी थापीने टाइल ॲडहेसिव्ह पूर्ण पाठीवर पसरायचं. चार कोपऱ्यांत चार गोळे लावून चिकटवलेली टाइल मागे पोकळ राहते आणि त्या पोकळीत ओल साठते.

शेवटचा प्रश्न सीलरचा, म्हणजे टाइलला पाण्यापासून राखणाऱ्या लेपाचा. वरून चकचकीत पापुद्रा धरणारं लॅकर दुकानात छान दिसतं, पण आपल्या पश्चिमेकडच्या भिंतींना नैऋत्येचा पाऊस झोडपतो आणि ओल बाहेरून आत येते. ती टाइलच्या पाठीतून पुढे सरकते, लॅकरखाली अडते, तिथे क्षारांचे स्फटिक वाढतात आणि ते पापुद्र्यासकट रंगीत कातडी उचलतात. सिलेन-सिलॉक्सेन जातीचा सीलर नळ्यांच्या आत शिरून त्यांना पाणी नकोसं करतो आणि वाफेला वाट मोकळी ठेवतो. किंमत जास्त असली तरी तोच घ्या. पश्चिमेच्या भिंतीला टाइल लावायचीच असेल तर आधी बाहेरचा गिलावा दुरुस्त करून घ्या, एक पावसाळा त्या भिंतीवरून जाऊ द्या, आणि दिवाळीनंतर आतून ती कोरडी आहे याची खात्री करून मगच काम सुरू करा.